झालरचं माप

"किती आलं?"

"साडेसोळा."

"कालही साडेसोळाच होतं."

"मग? रोज नवा आकडा काढायला ही काय सोडत आहे?"

"परवाही तेच. अहो, कोंबडी मोजताय की दाराची चौकट?"

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात अडकवली, मापाची वही उघडली आणि गिऱ्हाइकांच्या कमरा-छात्या संपतात त्याच्या मागच्या पानावर, मंगळवारच्या पुढे, साडेसोळा लिहून टाकलं. झालर त्यांच्या पायाशी चिंध्यांच्या टोपलीत बसली होती. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले, आणि श्वासागणिक शेपटी वरखाली होत होती.

बायको काही जागची हलली नाही. हातातला चहाचा कप टेबलावर ठेवून तिनं विचारलं, "तुमची दोन बोटं कुठे गेली?"

"कसली बोटं?"

"माप घेताना टेपेखाली घालता ती. पोस्टमन पोट आत ओढून उभा राहतो तेव्हा त्याला काय म्हणता? श्वास सोडा, नाहीतर जेवल्यावर मला शिव्या द्याल. मग हिला का नाहीत दोन बोटं?"

"हिला काय पँट शिवायचीय?"

मास्तर खेकसले खरे, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बायकोनं कप उचलला आणि ती आत गेली. जाताना वहीकडे बघितलं नाही, कोंबडीकडे मात्र बघितलं.

मास्तर म्हणजे टेलर. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी मशीन, मागे कापायचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर अर्धवट शिवलेले कपडे, आणि टेबलाखाली ती टोपली. तीस वर्षं बसून बसून खुर्चीच्या गादीला त्यांच्या बुडाचा साचा पडला होता. बोलायला माणूस तोकडा, कात्री चालवायला मात्र बेडर. कितीही उंची कापड असो, खडूची रेघ मारली की सरळ घुसायचे. त्यांचा ताठा एकाच गोष्टीचा होता. शिवण उसवेल, काज वेडंवाकडं होईल, पण मास्तरांचं माप खोटं निघालं असं त्या गल्लीत कुणी म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक गयावया करायचं, "मास्तर, अर्धा इंच कमी लिहा ना, मी बारीक होणारच आहे." मास्तर म्हणायचे, "व्हा आधी, मग या."

झालर घरात आली ती सात वर्षांपूर्वी. शेजारचं बिऱ्हाड घर सोडून निघालं तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पिल्लू देऊन गेलं. दोन दिवस सांभाळा म्हणाले. त्यांचे ते दोन दिवस अजून चालू होते. पायांवर पिसांची झालर होती म्हणून नाव झालर. बायको म्हणाली, वाढू दे, मग बघू. बघू म्हणजे शिजवू. पिल्लू वाढलं, दोघांनी बघितलं, आणि शिजवायचं तेवढं राहून गेलं. त्या घरात कोंबडी खात नसत असं अजिबात नाही. पण त्या दिवशी मधलं दार लावून जेवायचे, आणि मास्तर हाडं कागदात बांधून दुसऱ्या गल्लीत टाकून यायचे. "तिला काय कळतंय?" बायको हसायची. "मला कळतं ना," मास्तर म्हणायचे.

मशीन चालू झालं की झालर त्यांच्या डाव्या पायाशी येऊन बसायची. मशीन थांबलं की मान वर करून बघायची, काय झालं म्हणून. दिवसभरात मास्तर जेवढे शब्द बोलत त्यातले निम्मे तिच्या वाट्याला. शाळेतली पोरं दारात थांबून विचारायची, "कोंबडीवाले मास्तर, आज तिनं काय शिवलं?" मास्तरांना ते नाव आवडायचं, वरवर डोळे वटारले तरी.

हिवाळ्यात अंडी बंद झाली आणि पोट खाली आलं. ती पाय फाकवून ताठ चालायला लागली, दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेतलेल्या बाईसारखी. गिऱ्हाइकं हसली. मास्तरही हसले. चांगले पंधरा दिवस हसत होते, मग एका सकाळी ती दुकानाची पायरी चढायला गेली आणि चढलीच नाही, तेव्हा हसू जिरलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून सांगितलं, आत पाणी साठतंय. सुई घालून पेलाभर काढलं. झालर घरी येऊन तडक मक्याच्या डब्यावर गेली, मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते पाणी भरायला दीड महिना लागला. दुसऱ्या खेपेला तीन आठवडे. तिसऱ्या खेपेला अकरा दिवस. गेल्या मंगळवारी चौथ्यांदा पाणी काढलं, पोट चौदा इंचावर आणलं, आणि डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता स्पष्टच सांगितलं.

"तुम्ही टेलर आहात, तुम्हाला शिकवायला नको. रोज सकाळी पोटाचं माप घ्या. सतराला टेकली की तिला श्वास घ्यायला त्रास सुरू होतो. या वेळी आठवड्याच्या आत सतरा झालं, तर त्याच दिवशी घेऊन या. पण मग मी सुई घालणार नाही. शेवटचं इंजेक्शन देईन. उपसायचं आणि भरायचं, याला काही अर्थ नाही हो, तिच्या जिवाचे हाल नुसते."

"आणि आठवडा काढला तर?"

"तर बघू. एकदा आणखी काढू पाणी."

मास्तरांनी नेमकं तेवढंच कानात साठवलं.

शुक्रवारी सकाळी खरोखरच साडेसोळा भरलं. शनिवारी दोन बोटं घालून मोजलं तर सतरा आणि वर एक रेघ. मास्तरांनी मागे बघितलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी बोटं काढून घेतली. टेप जरा ओढली. पिसं दबली, झालरनं घशातल्या घशात आवाज केला, आणि आकडा साडेसोळावर आला. वहीत तोच लिहिला. रविवारी जास्त ओढावी लागली. सोमवारी दुसऱ्या हातानं पोट वर उचलून धरावं लागलं. मंगळवारी, बायकोनं हटकलं त्या सकाळी, त्यांनी दात आवळून ओढली होती, एखादं गाठोडं बांधावं तशी, आणि झालरनं आवाजही केला नव्हता.

मनाला समजवायला गोष्टी होत्याच. हातावरचे तीन दाणे खाल्ले की नाही. पाय वाजला तशी मान फिरवली की नाही. बुधवार उजाडला की आठवडा पुरा. मग सुई, मग हलकं पोट, मग आणखी काही दिवस डाव्या पायाशी कोणीतरी.

बुधवारी ते उजाडताच तयार झाले. बायको चप्पल घालून बरोबर निघाली. दवाखान्यात पोचल्या पोचल्या मास्तरांनी टोपली टेबलावर ठेवली आणि वही पुढे केली.

"आठवडा काढला हिनं. हे बघा, रोजचं लिहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी वहीवरून नजर फिरवली आणि झालरला बाहेर काढलं. झालर उभी राहिली नाही. तुरा निळसर पडला होता. बाईंनी ड्रॉवरमधून स्वतःची टेप काढली, पोटाभोवती अलगद धरली, आणि पुन्हा एकदा वहीत बघितलं.

"एकोणीस."

"आज सकाळी एकदम वाढलं," मास्तर म्हणाले.

"एका रात्रीत अडीच इंच?"

"एकदमच. मीही दचकलो."

बाईंनी पोटावरची पिसं बोटांनी बाजूला केली. खाली कातडीवर, बरोब्बर टेपेएवढ्या रुंदीची, लाल पट्टी उठली होती. पोटाच्या कडेनं पाठीकडे गेलेली. काही पिसं तिथेच मोडून आडवी झाली होती.

"हे काय?"

मास्तरांचा हात छातीकडे गेला. टेप गळ्यातच होती, नेहमीच्या सवयीनं, दोन्ही टोकं छातीवर लोंबत.

"मी बांधलं होतं," बायको म्हणाली. "फडकं. पोटाला ऊब मिळेल म्हणून."

"फडकं?" डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "अहो बाई, एवढं आवळून? जिचं पोट आधीच छातीवर चढलंय तिला? मला विचारायचं तरी होतंत. असं घरच्या घरी डोकं चालवता आणि मुकी जनावरं भोगतात."

"चुकलं," बायको म्हणाली.

"चुकलं म्हणून काय..." बाई आणखी दोन-चार वाक्यं बोलल्या. बायको खाली मान घालून ऐकत राहिली. मास्तर शेजारीच उभे होते. मधे एक शब्द टाकायला किती वेळ लागतो? त्यांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि खिशात घातली.

पुढचं फार वेळ चाललं नाही. बाईंनी विचारलं, धरणार का? मास्तरांनी धरलं. आधी झोपेचं इंजेक्शन. मान हळूहळू त्यांच्या मनगटावर टेकली, वजन असं नव्हतंच. पोटच सगळं जड. मग दुसरं. शेपटीची वरखाली थांबली, आणि ती किती जोरात चालली होती ते थांबल्यावर मास्तरांना कळलं.

झालरला दवाखान्यातच सोपवून, रिकामी टोपली घेऊन दोघं रस्त्याला लागले. बेकरी गेली, सायकलवाल्याचं दुकान गेलं. कोपऱ्यावर मास्तर थांबले.

"तू कशाला बोललीस?"

"मग कोण बोलणार होतं? तुम्ही?" बायको म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "मला काय, दोन शब्द ऐकले, विसरून जाईन. तुमचं तोंड बघवत नव्हतं तिथे."

"तुला माहीत होतं?"

"शनिवारपासून. स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"काल बोलले की. आणखी कसं बोलायचं? मलाही वाटलंच ना, निघाला आठवडा तर निघाला." तिनं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "चला आता. नर्सबाई येतील कपडे न्यायला."

"तू हो पुढे."

मास्तर मागे फिरले. दवाखान्यात तोवर एक मांजर टेबलावर चढलं होतं आणि त्याची मालकीण रडवेली होऊन त्याचे पाय धरत होती. मास्तर दारातच उभे राहिले.

"बाई, फडकं नव्हतं ते. बायकोनं काही केलं नाही. टेप होती. मीच ओढत होतो, आकडा कमी यावा म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मांजरवालीनंही. मास्तरांना वाटलं, आता सगळं ऐकावं लागणार, आणि ऐकायला ते तयार होते. ऐकलं असतं तर बरंच वाटलं असतं.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"चार."

"चार दिवस तिला धड श्वास घेता येत नव्हता," बाई म्हणाल्या, आणि मांजराकडे वळल्या. "हं, जरा घट्ट धरा याला."

मास्तर परत आले ते मागच्या गल्लीनं, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मागच्या दारानं शिरून हात धुतले, पुढच्या खोलीत आले. बायकोनं टोपली कुठेतरी आत नेऊन ठेवली होती आणि ती नर्सबाईंच्या गणवेशाला बटणं लावत बसली होती. तिनं फक्त सुई दाताखाली धरली आणि सरकून जागा दिली. मास्तर खुर्चीत बसले. दुसऱ्या गणवेशाची घडी उलगडली, बाही उलटी केली, सुईखाली सरकवली. दोरा ओवताना तीनदा हुकला.

नर्सबाई आल्याच तेवढ्यात, कामावरून तशाच. दारात वाकून टेबलाखाली बघितलं.

"आज आमची मैत्रीण कुठाय?"

"गेली."

"अगं बाई! कधी?"

"आज. शनिवारीच जायला हवी होती."

"म्हणजे?"

"मी नेली नाही. उशीर केला मी."

नर्सबाईंनी बायकोकडे बघितलं. बायको बटण लावत होती.

"तरी सांभाळलंत हो तुम्ही तिला," त्या म्हणाल्या. "एवढं कोण करतं कोंबडीसाठी?"

मास्तरांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कुणालाच कळलं नसेल.

मग गणवेशाकडे बघून नर्सबाईंनी विचारलं, "खिसे मोठे ठेवलेत ना? मागच्या वेळी पेनसुद्धा उभं राहत नव्हतं."

"ठेवलेत. बसा पाच मिनिटं, एकच बाही राहिलीय."

मास्तरांनी चाकाला हात लावला आणि मशीन चालू केलं.