रविवारची अकराची मीटिंग

मी शाळेत शिकवायचे तेव्हा सहावी ते नववी अशी चार वर्षं ती माझ्या वर्गाची मॉनिटर होती. आता ती बेचाळीस वर्षांची आहे, चष्मा लावते आणि माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. पण माझ्या तोंडात मॉनिटर हेच नाव बसलं आहे. मी तिला दुसऱ्या नावाने हाक मारली तर तीही दचकून बघते, काही चुकलं की काय म्हणून.

एका विमा कंपनीत ती मीटिंगा जुळवण्याचं काम करते. कंपनीच्या शाखा अकरा शहरांत आहेत आणि साहेबलोक एका खोलीत कधीच नसतात, म्हणून सगळ्या मीटिंगा पडद्यावर. वेळ ठरवायची, निमंत्रणं पाठवायची, लिंक द्यायची, वेळ झाली की सगळ्यांना आत घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एक मोठे अधिकारी जेवल्यावर गोळी घेतात आणि दोनपर्यंत त्यांच्या डोळ्यांवर झापड असते. एका बाईंना साडेतीनला मुलाला शाळेतून आणायचं असतं आणि ते ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नसतं. मॉनिटर हे कुठे लिहून ठेवत नाही, बोलून दाखवत नाही. दीडला आणि साडेतीनला ती मीटिंग लावत नाही, एवढंच. निमंत्रणाला 'येतो' असं उत्तर आलं तरी आदल्या दिवशी ती प्रत्येकाला फोन करते. "बटण बोटाने दाबलं जातं, बाई. यायचं असतं माणसाला," ती मला एकदा म्हणाली होती.

तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. निवृत्तीनंतर ते लेकीजवळच राहिले आणि ती घरून काम करायची त्या दिवशी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले.

"तुझ्या मीटिंगमधली माणसं आणि लिफ्टमध्ये अडकलेली माणसं अगदी सारखी गं," ते म्हणायचे. "दोघं एकच ओरडतात. ऐकू येतंय का? कुणी आहे का तिकडे?"

"फरक आहे, बाबा. तुमची बाहेर काढावी लागतात, माझी आत घ्यावी लागतात."

"आणि आत आली की बाहेर पडायला तडफडतात. म्हणजे शेवटी माझंच गिऱ्हाईक!"

कंपनीच्या शाखांमध्ये काउंटर आहेत आणि प्रत्येक काउंटरवर एक टॅबलेट. तो मीटिंगला जोडला की पडद्यावर माणसाचं नाव दिसत नाही. 'काउंटर दोन', 'काउंटर पाच' असं काहीतरी दिसतं. दोन वर्षांपूर्वी एक शाखा बंद करायची म्हणून वरच्या लोकांची मीटिंग होती. त्याच शाखेतल्या कुणीतरी चुकीच्या लिंकवर बोट ठेवलं आणि मॉनिटरने नेहमीच्या सवयीने त्या काउंटरला आत घेतलं. तिथल्या सहा जणांनी आपली नोकरी गेल्याचं उभ्या उभ्या, गिऱ्हाइकांच्या देखत ऐकलं. त्यातल्या एका बाईचं रडणं अकरा शहरांत ऐकू गेलं. साहेबांनी मॉनिटरची खरडपट्टी काढली. ती तिने कानाआड केली, पण ते रडणं तिला करता आलं नाही. त्या दिवसापासून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला: माणसाचं नाव दिसल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, आणि काउंटरला तर मुळीच नाही.

मिस्त्रींना एक मुलगाही होता, मॉनिटरपेक्षा चार वर्षांनी मोठा. तो परदेशी गेलेला, तिकडे पार्सलांच्या गोदामात कामाला. आई गेली तेव्हा तो आला नाही. नवी नोकरी होती, रजा मिळेना, कागदपत्रं कुठेतरी अडकलेली, असं तो फोनवर सांगत होता. मिस्त्रींनी अर्धंच ऐकलं आणि म्हणाले, "आईच्या वेळी आला नाहीस, आता माझ्या वेळीही येऊ नकोस." फोन ठेवला तो ठेवलाच. बापलेक दोघंही एका मातीचे. एक वाकेना, दुसरा झुकेना. नऊ वर्षं बहिणीने दोन्हीकडची खुशाली इकडून तिकडे पोहोचवली.

गेल्या वर्षी मिस्त्रींच्या फुप्फुसांनी साथ सोडायला सुरुवात केली. नाकात ऑक्सिजनची नळी आली. बिछान्यावरून खुर्चीपर्यंत यायचं म्हणजे त्यांना दोनदा थांबावं लागे. एका सकाळी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र द्यायला गेले होते, तेव्हा ते लेकीकडे न बघता म्हणाले, "तुझ्या त्या मीटिंगला कुणालाही बोलावता येतं का गं?"

"कुणाला बोलवायचंय?"

"ज्याला बोलवायचंय त्याला. तुला काय सगळं फोड करून सांगायला पाहिजे?"

मॉनिटर स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते.

तिने दादाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा स्वतः म्हणाले? का तूच शहाणपणा करतेयस?"

"बाई समोर होत्या. विचार हवं तर त्यांना."

"बाईंना कशाला विचारू? त्या अजून पट्टी काढतील," तो म्हणाला, आणि मॉनिटर नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलताना हसली.

साधा फोन लावून दिला असता तर चाललं असतं, असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. पण मिस्त्रींना आपली थोरली बहीणही समोर हवी होती. दोघं पुन्हा भडकले तर दटावणारं कुणीतरी पाहिजे, असं त्यांचंच म्हणणं. या आत्याबाई दुसऱ्या गावी. शिवाय हे काम मॉनिटरचं. साहेबांना विचारून तिने ऑफिसच्याच खात्यावर मीटिंग लावली: रविवार, सकाळी अकरा, दादाकडे तेव्हा साडेसहा वाजणार होते आणि त्याची पाळी आठची होती. तीन माणसांना तिने रीतसर निमंत्रणं पाठवली आणि विषयाच्या जागी लिहिलं, 'बाबा'. शनिवारी दोघांनाही फोन केला. दादा म्हणाला, "येतो गं बाई. गोदामात लवकर जाऊन बसतो, तिथे इंटरनेट चांगलं आहे."

रविवारी मिस्त्रींनी दाढी केली. स्वतः केली, गळ्यापाशी थोडं कापलंही. निळा सदरा घातला. मला म्हणाले, "बाई, तुम्हीही बसा. तुम्ही असलात की माझी जीभ ताळ्यावर राहते." मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी कोपऱ्यात बसले. त्यांनी दोनदा लॅपटॉप सरकवायला लावला, नाकातली नळी कमी दिसावी म्हणून.

अकराला आत्याबाई आल्या. पडद्यावर त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"आत्या, फोन जरा खाली कर."

"हे बघ, मी आहे तशी आहे. आमचे चिरंजीव कुठायत?"

"येईल. साडेसहाच वाजलेत त्याच्याकडे."

अकरा वाजून सहा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी उमटली. कुणीतरी बाहेर थांबलं होतं. मॉनिटर पुढे झुकली, वाचलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. 'काउंटर चार'.

"कोण आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा. आमच्या ऑफिसचं कुणीतरी. रविवारीही काही शाखा उघड्या असतात, चुकीच्या लिंकवर येतात."

तिने 'नाही' दाबलं. तिचं बोट जराही अडखळलं नाही. तिने लगेच दादाला फोन लावला; तो बंद होता. पाच मिनिटांनी ती पट्टी पुन्हा आली. पुन्हा 'काउंटर चार'.

"चिकट दिसतोय," मिस्त्री म्हणाले.

"घरातलं बोलणं आहे, परक्याला कसं आत घेऊ?" ती म्हणाली आणि तिने पुन्हा 'नाही' दाबलं.

त्यानंतर पट्टी आली नाही. आम्ही बारा वाजेपर्यंत बसलो. तिने अकरा वेळा फोन लावला, मी मोजत होते. आत्याबाई दादाच्या लहानपणीच्या खोड्या सांगत राहिल्या. मिस्त्री पडद्यावरच्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "त्याच्या आईच्या वेळीही असंच. बंद कर ते, पोरी."

त्या दुपारी मॉनिटरने भावाला एकच ओळ पाठवली: 'आला नाहीस, बरं केलंस.' उत्तर आलं नाही. तीही हट्टाला पेटली. पुन्हा फोन केला नाही. सोमवारी पहाटे मिस्त्रींचा श्वास फारच लागला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत तोंडावर मोठा मुखवटा चढला होता आणि डोळे मिटलेले होते.

मंगळवारी दुपारी, दवाखान्याच्या बाकावर, तिच्या फोनवर उत्तर आलं. मी शेजारीच बसले होते. तिने वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. लिहिलं होतं: 'रविवारी सकाळी फोन ट्रॉलीखाली आला, आज दुरुस्त होऊन मिळाला. मी आलो होतो. इथल्या काउंटरच्या टॅबलेटवर मेल उघडून दोनदा आलो. दोन्ही वेळा लिहून आलं, तुम्हाला आत घेण्यास नकार दिला आहे. बाबांचं मन बदललं असेल तर तसं सांगायचंस. वर आणि तूच बरं केलंस म्हणतेस?'

शाळेत असताना तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ती रडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तिकडेही काउंटर असतात."

मग तिने फोन लावला. भाऊ चढ्या आवाजात बोलायला लागला, ते मलाही ऐकू येत होतं. तिने त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर म्हणाली, "बाबांनी नाही, दादा. मी केलं. मला वाटलं आमच्या ऑफिसचं कुणीतरी आहे. बाबा दाढी करून बसले होते." त्याचा आवाज एकदम खाली आला. मग त्याने विचारलं, "आता बोलता येईल?"

आता बोलता येत नव्हतं. आतल्या खोलीत फोन न्यायला मनाई होती. परिचारिकेने तिला पाच मिनिटं आत जाऊ दिलं. ती वडिलांच्या कानाशी वाकली आणि मीटिंगमध्ये एखाद्याला नीट ऐकू येत नसेल तर बोलते तसं, एकेक शब्द तोडून म्हणाली, "बाबा, दादा आला होता. रविवारी. वेळेवर आला होता. तो बाहेर होता तो दादाच होता. मी दार उघडलं नाही." काचेतून मला तिची पाठ दिसत होती. मिस्त्रींचा हात चादरीवर होता. तो हलला नाही, निदान मला तरी हललेला दिसला नाही.

गुरुवारी सकाळी ते गेले.

भाऊ शुक्रवारी पोहोचला. सगळं आटोपलं होतं. केस पांढरे झालेला, अंगात गोदामाचं जाकीट तसंच. मी त्याला ओळखलं ते त्याच्या चालण्यावरून, बापासारखा डावा खांदा पुढे काढून चालायचा. बहिणीने दार उघडलं आणि बाजूला झाली. त्याने तिला जवळ घेतलं नाही. चप्पल काढून तो वडिलांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. मी उठून निघाले तर म्हणाला, "बसा ना, बाई."

खुर्चीचा हात धरून त्याने विचारलं, "त्यांना कळलं का गं, मी आलो होतो ते?"

तिला 'हो' म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण, पोरी, काय बिघडतंय.

"सांगितलं मी," ती म्हणाली. "ऐकलं की नाही, माहीत नाही."

त्याने मान खाली घातली. तळहाताने फरशी पुसत राहिला, तिथे काही सांडलेलं नसताना. मग म्हणाला, "त्या तासाभरात काय करत होते ते?"

मॉनिटर त्याच्यासमोर खाली बसली. सदरा कोणता होता, कुठे कापलं होतं, लॅपटॉप दोनदा कुठून कुठे सरकवायला सांगितला, आत्याच्या कपाळाला ते काय हसले, अकरा वाजून वीस मिनिटांनी पाणी मागितलं आणि अर्धंच प्यायलं, असं सगळं ती सांगू लागली. मध्ये एकदा तो म्हणाला, "थांब, निळा कुठला?" तिने उठून सदरा आणून त्याच्या मांडीवर ठेवला आणि जिथे थांबली होती तिथून पुढे सांगायला लागली.