अण्णांच्या नाण्यांवरचा डाग

सिद्रामअण्णांनी नाणं कधी मुठीत धरलं नाही. दोन बोटांनी फक्त कडा पकडायची, उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, डावा मिटायचा. मग घरात कोण आलं, कोण गेलं, त्यांना पत्ता नसायचा. ते एसटीत कंडक्टर होते. मंगळवेढ्याच्या बाजारात तांब्या-पितळेची मोड घेणाऱ्यांकडून त्यांनी हौसेनं जुनी नाणी वेचली. सात रस्ता चौकामागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी नाणं उचलायला गेलो की ओरडायचे, "घाम लागतोय की! कडंला धर."

नाण्यावरचा काळपट-हिरवा थर म्हणजे त्याचं वय, असं ते मानत. कुणी चिंच लावून नाणं घासलं म्हटलं की हळहळत. "म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलत्यात व्हय रं कुणी?"

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. तांब्याच्या एका शिवराईवर, अगदी मधोमध, करडा डाग आला होता म्हणे. मला नाणं नेहमीसारखंच दिसलं. तसं सांगितल्यावर म्हणाले, "तुजं ध्यान न्हाय."

पुढं तो डाग त्यांना दुसऱ्या नाण्यांवर दिसू लागला, मग सगळ्यांवरच. प्लास्टिकची पाकिटं फेकून त्यांनी मऊ धोतराच्या चिंध्यांत नाणी गुंडाळली. पेटी बदलली, नवं भिंग आणलं. डाग हलेना. "तांब्याचा रोग येगळा, चांदीचा येगळा. समद्यास्नी एकच डाग कसा?" ते पुन्हा पुन्हा विचारत.

त्यांची बायको गौराक्का म्हणायची, "डोळं दाखवून या. साखर हाय तुमाला."

"डोळ्याला काय झालंय? तुजं तोंड साफ दिसतंय की!"

दिसत होतं ते डाव्या डोळ्यानं. पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आमच्याही.

एका दुपारी मोरीतून घासल्याचा आवाज आला म्हणून मी गेलो. अण्णा चिंच आणि राख घेऊन बसले होते. घमेल्यात तांब्याची नाणी लालभडक, चांदीची पांढरीफटक, सगळी नवी कोरी झालेली.

"अण्णा, हे काय केलंत?"

"जात न्हाय रं," हात न थांबवता ते म्हणाले. "कातडी गेली, डाग जात न्हाय."

गौराक्का दारात पदर तोंडाला लावून उभी होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "साखरेनं पडदा खराब झालाय. उजव्याचं आता काही होणार नाही. डावा टिकवायचा प्रयत्न करू."

अण्णांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "म्हंजी नाण्यांवर कायबी नव्हतं?"

"नव्हतं, अण्णा."

डावाही टिकला नाही. गौराक्कानं एकदा बरं वाटावं म्हणून त्यांच्या तळहातावर एक नाणं ठेवलं. त्यांनी ते चाचपलं आणि जमिनीवर ठेवून दिलं. पुन्हा कधी मागितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात मी बसायला गेलो होतो. ते म्हणाले, "गौरा, नाण्याला इचारत बसलो. तू सांगत हुतीस, तुजं आयकलं न्हाय."

"असू द्या. जेवा आता," ती म्हणाली. तिनं आमटीत भाकरी कुस्करली आणि त्यांचा हात धरून ताटापर्यंत नेला.