तिसरी चिठ्ठी

बाईंनी शाळेत तेहतीस वर्षं पोरांना अर्ज लिहायला शिकवलं, आणि निवृत्तीनंतर नशिबी काय आलं, तर शेंडाबुडखा नसलेले अर्ज वाचणं! वंशावळी धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींचा फोनवर एक गट होता. त्यातल्या कोणाला बाईंच्या गावातली जन्ममृत्यूची जुनी नोंद हवी असली की बाई बुधवारी दप्तरखान्यात जाऊन ती शोधून देत. गटाचा रिवाज साधा होता. नाव सांगा, साल सांगा, तुमच्याकडे आधीच काय आहे ते सांगा, आणि एका वेळी एकच मागा. लोक काय लिहायचे? "आमच्या घराण्याचं असेल ते सगळं पाठवा." जसं काही बाईंनी ते इस्त्री करून कपाटात ठेवलंय.

बरं, बाईही काही कमी नव्हत्या. एकदा हो म्हटलं की ते काम आधी, घरचं मागून, असा त्यांचा हट्ट. त्यापायी आईचं काम दोन महिने रखडलं होतं.

आई एक्याण्णव वर्षांची. तिचं पहिलं मूल आठ महिन्यांचं होऊन गेलं, तेव्हा ती स्वतः तापानं इस्पितळात बेशुद्ध पडलेली. घरी आली तर पाळणा जागेवर नव्हता. कुठल्या दिवशी गेलं ते तिला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. आता सांगणारं कोणी उरलंही नव्हतं.

"साल मला माहीत आहे, दिवस तेवढा शोध," ती बाईंना म्हणाली होती. "मग मी मोकळी."

दप्तरखान्यात माणशी दिवसाला तीनच चिठ्ठ्या मिळत, आणि एका चिठ्ठीवर एका सालाची एकच वही. त्या बुधवारी दोन चिठ्ठ्या गटातल्या एका इंजिनिअरच्या नावच्या होत्या. त्यानं आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीसाठी आठवडाभर बाईंचं डोकं खाल्लं होतं आणि दोन सालं अंदाजानं कळवली होती. तिसरी चिठ्ठी आईसाठी. तिच्या सालाची वही महिनाअखेरीला दुरुस्तीला जाणार, मग वर्षभर दिसायची नाही, असं कारकुनानं आधीच बजावलं होतं.

अडीच तास डोळे फोडून दोन्ही वह्या झाल्या. आजोबांचा पत्ता नाही. बाईंनी तसं कळवलं, तर उत्तर आलं, "मग पुढचं साल बघा ना." बघा ना म्हणे! बाईंची नुसती चिडचिड झाली. पण शब्द दिला होता, आणि महिना संपायला अजून दोन बुधवार होते. त्यांनी तिसऱ्या चिठ्ठीवर इंजिनिअरचं साल लिहिलं.

नोंद सापडली. बाईंनी फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "हो, ही आहे माझ्याकडे. आजूबाजूच्या सालांत आणखी काही वेगळं निघतं का ते बघत होतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी चार सणसणीत ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि "ठीक आहे" एवढंच पाठवलं. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या सभ्यपणाचाही वीट आला.

पुढच्या बुधवारी त्या दार उघडायच्या आधीच जाऊन उभ्या राहिल्या. कारकुनानं त्यांना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दुरुस्तीवाल्यांची गाडी सोमवारीच येऊन दुरुस्तीच्या सगळ्या वह्या घेऊन गेली होती. त्याचा तरी काय दोष?

घरी आई चष्मा लावून, मांडीवर कागद घेऊन बसली होती. बाईंनी काही लपवलं नाही. इंजिनिअरचा पार उद्धार केला, गटाचा केला, गाडीवाल्यांचाही केला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याच्याकडे तारीख होतीच?" तिनं विचारलं.

"होती ना."

"मग त्याला ती दोनदा मिळाली," आई म्हणाली, "आणि मला एकदाही नाही."

हे बोलताना ती बाईंकडेच बघत होती, आणि बाईंना मान वर करवेना.