गावाची काकी

माझ्या आईला अख्खं गाव काकी म्हणायचं. भाताचे चार कुणगे आणि डोंगरउतारावरची नाचणी, एवढीच आमची शेती. वडील लवकर गेल्यावर ती आईने एकटीने केली, आणि उरलेल्या वेळात गाव सांभाळलं. कुणाची बाई अडली, कुणाचा बैल बसला, दोन भाऊ कोयते घेऊन उठले, की आमच्या दाराची कडी वाजायची. पऱ्ह्याच्या पाण्याला बांध घालायचा तर आळशी पुरुषांना घरातून ओढून काढून दगड वाहायला हीच लावायची. मला गोवर आला तेव्हा ती शेजारच्या वाडीत कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली होती. चुलतीने मला पेज पाजली. आईबद्दल लोक गहिवरून बोलायला लागले, की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

लग्न होऊन मी दुबईला आले. नवरा एका मराठी शेठच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट सुपरवायझर होता. बर दुबई भागात मीना बाजारच्या मागे आमचा फ्लॅट होता. पहिल्या बाळंतपणाला आईला बोलावलं, तर लावणी चालू आहे म्हणाली. दुसऱ्या वेळी मी फोनवर रडले, तेव्हा व्हिजिट व्हिसावर आली. मला वाटलं, आता तरी काही दिवस ही फक्त माझी.

पहिला आठवडा तशी होतीही. बाळाला तेल लावायची, मला डिंकाचे लाडू करून घालायची. मग एका शुक्रवारी जवळच्या देवळाच्या गल्लीत तिला गावचा एक माणूस भेटला. आमच्याच कंपनीत गवंडी होता. पुढच्या शुक्रवारी तो आणखी चौघांना घेऊन आला. त्यानंतर दर शुक्रवारी सोनापूरच्या लेबर कॅम्पमधली गावची माणसं माझ्या हॉलमध्ये मांडी घालून जेवायला बसायला लागली. आतल्या खोलीत मी बाळाला पाजत पडलेली, आणि बाहेर आई मच्छीचं कालवण वाढत एकेकाची चौकशी करतेय. पाच वर्षांची थोरली कुरकुरायची, "ममा, व्हाय आर दे ऑल्वेज हिअर?" मी म्हणायचे, "आजीला विचार."

नवऱ्याची अडचण वेगळीच. दिवसभर ज्यांच्यावर ओरडायचं, तेच घरी येऊन "साहेब, मीठ द्या" म्हणायचे.

"आई, हे बंद कर," मी एकदा म्हटलं. "हे घर आहे, धर्मशाळा नाही."

"पोरां आपल्या गावची हायत गो."

"मी कुठल्या गावची आहे?"

ती कांदा चिरत राहिली.

थोड्याच दिवसांत देवळाच्या गल्लीत भेटलेला तो गवंडी परांचीवरून पडला आणि जागीच गेला. नवऱ्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने हातातलं बाळ माझ्याकडे दिलं. मग लगेच तिने विचारलं, "त्याला घरी कधी धाडताय?"

"कागदपत्रं होतील, मग."

एक आठवडा गेला, दुसरा गेला. रोज संध्याकाळी नवरा बूट काढायच्या आत आई तेच विचारायची, आणि रोज तो तेच सांगायचा, शेठ बघतायत. खरं म्हणजे शेठ काहीच बघत नव्हते. पडला तेव्हा त्याला सेफ्टी बेल्ट नव्हता हे लपवायचं होतं, म्हणून सगळं लांबवत होते. हे मला माहीत होतं. नवऱ्याने मला सांगितलं होतं आणि आईला सांगू नकोस असंही बजावलं होतं. कुणीतरी शुक्रवारी जेवताना तिला सांगितलं.

त्याच सुमारास शेठ आणि त्यांच्या बाई बाळ बघायला आले. शेठ कधी कुणाच्या घरी जात नसत. नवऱ्याने ठेवणीतले कप काढले. बाईंनी बाळासाठी चांदीची वाटी आणली होती. त्यांनी हात पुढे केले, तशी आईने बाळाला उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"आधी माझ्या गावच्या माणसाला बर्फातून भायेर काढा," ती शेठना म्हणाली, "मग माझ्या नातवाला हात लावा."

"आई!" मी ओरडले.

शेठ हसले. "मावशी, होईल. इन्शाल्ला या आठवड्यात."

"देवाचं नाव पुढं करू नका. पट्टा तुम्ही दिला नाय. त्याची बायको तिकडं कुकू पुसू की नको म्हणून बसलीय. मी इथं शुक्रवारी पन्नास माणसं गोळा करीन आणि तुमच्या बंगल्यासमोर बसेन. मला म्हातारीला कोण काय करणार?"

शेठचं हसू गेलं. ते नवऱ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या घरात फार बोलतात." वाटी टीपॉयवर ठेवून दोघंही चहा न घेता गेले.

चारच दिवसांत सगळे कागद झाले. आईने आपलं तिकीट बदलून, गवंड्याची पेटी जाणार होती त्याच विमानाचं करून घेतलं. बाळाचं लांबलेलं बारसं दुसऱ्या दिवशी होतं.

"माझे टाके अजून दुखतायत," मी दाराशी उभी राहून म्हटलं. "बाळंतीण लेक सोडून तू मढ्याबरोबर चाललीस?"

"तुला नवरा हाय, डॉक्टर हाय, जिन्याखाली दुकान हाय. त्याची बायको पेटी उघडंल तेव्हा तिला धरायला कोण हाय?"

"मग परत येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून जिना उतरली.

शेठनी नवऱ्याला काढलं नाही, त्याहून वाईट केलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कंपनीच्या गोडाऊनवर त्याला नेऊन बसवलं. आम्ही तिथल्या स्टाफ क्वार्टरमध्ये गेलो. आजूबाजूला कारखाने आणि धूळ. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. शेठच्या बाईंच्या बाजूने सगळ्या गेल्या. पुढे एकदा जेवता जेवता नवरा म्हणाला, "तुझ्या आईचं बरोबर होतं." मी ताट उचलून आत गेले. तिचं बरोबर होतं हे मलाही कळत होतं. ते चुकीचं असतं तर मला तिच्यावर इतकं चिडावं लागलं नसतं.

ती पुन्हा आली नाही. मी सुट्टीला जायचे तेव्हा सासरी उतरायचे आणि एक दुपार तिच्याकडे घालवायचे. त्या दुपारीही कुणीतरी कडी वाजवायचंच. ती थकली, कमरेत वाकली, पण काठी टेकत बांधावर जायची आणि लोकांना कामाला लावायची.

भाताची कापणी संपत आली होती, तेव्हा ती गेली. मी पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. घर बायकांनी भरलं होतं. त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मला त्यांनी बसायला पाट दिला, पाहुण्यांना देतात तसा. चुलीपाशी त्या गवंड्याची बायको होती. आईचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं होतं. कुठल्या डब्यात काय आहे हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.

तिने आईची दोन लुगडी घडी घालून माझ्यापुढे आणून ठेवली. "काकींची. एक तुम्ही घेवा."

"तुम्हीच ठेवा दोन्ही," मी म्हटलं.

मला वाटलं, ती आग्रह करेल. तिने दोन्ही उचलली, छातीशी धरली आणि आत ठेवून आली. मग पदर खोचून बाकीच्या बायकांना म्हणाली, "चला गो, काकींच्या भाताची झोडणी तशीच पडलीय." त्या सगळ्या एकामागोमाग उठून खळ्याकडे गेल्या, आणि मी पाटावर बसून राहिले.