आडनावातली तोफ

आमच्या आडनावात तोफ आहे. पूर्वजाने निजामाची तोफ डागली, असं वडील अभिमानाने सांगत. घराबाहेर हे आडनाव मी कधी ऐकलं नव्हतं.

परवा कळमनुरीला दातांच्या दवाखान्यात ते पुकारलं, तर माझ्यासोबत एक म्हातारीही उठली. मी तिला तोफेची गोष्ट सांगितली.

“डागली न्हाई बाबा, आवाज ऐकून पळाला त्यो,” सुजलेला गाल धरून ती म्हणाली. “दमून सेनगावात थांबला. ते आमी. तुमी कुठले?”

“औंढ्याचे.”

“म्हंजी त्याच्या भावाचे. त्यो जरा जास्त पळाला.”

दात दुखत असूनही आम्ही दोघं हसलो. आधी कोण येतंय, असं कंपाउंडरने विचारलं.

“मी येते. पुतण्या थांबंल माझा,” ती म्हणाली, आणि मी परत खाली बसलो.