ड्रेसरकाकांचं पॅकेज

पैसे भरलेली वस्तू पुरती वसूल झाल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही असा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात एकच, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मसोलीत सगळे त्यांना ड्रेसरकाका म्हणतात. उभा जन्म कासाच्या सरकारी दवाखान्यात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात गेला, आणि निवृत्तीनंतरही हात काही थांबले नाहीत. घरात जे मोडेल त्याला पट्टी. टीव्हीच्या रिमोटला पट्टी, खुर्चीच्या पायाला पट्टी, गळक्या नळाला तर चक्क प्लास्टर. मूलबाळ नव्हतं, काकी गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे हे सगळे पेशंट बिनतक्रार पडून असत.

असल्या माणसाच्या घरात पॅकेज शिरलं. घरात जुना तारेचा फोन होताच; दोन हजार सोळाच्या सुमारास त्या फोनवाल्या कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. म्हणाला, नंबर तोच राहील, वर टीव्ही येईल, इंटरनेट येईल, सगळ्याचं मिळून एकच बिल, आणि तेही आत्तापेक्षा थोडंसंच जास्त. हे ‘थोडंसंच’ पहिली दिवाळी येईपर्यंत टिकलं. मग बिल वाढलं, मग आणखी वाढलं, आणि दर वेळी काकांनी न मागितलेल्या चॅनेलांची भर पडत गेली. पेन्शन काही त्या वेगाने वाढत नव्हती. काकांनी आधी रात्रीचं दूध बंद केलं, मग गुडघ्याची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले. वर म्हणायचे, “गोळीला पण सुट्टी नको का?” मला हसू यायचं नाही, त्या टायवाल्याचा संताप यायचा.

काका मात्र वसुलीला बसले. संध्याकाळी जाऊन पाहावं तर बंगाली मालिका चालू. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मला ठामपणे सांगायचे, “ती सासू आहे ना, तिची किडनी गेली. पाय बघा कसे सुजलेत.” तमिळ बातम्या तर ते इतक्या गंभीरपणे ऐकत की मध्ये बोललेलं चालत नसे. इंटरनेटचं काय करायचं ते त्यांना कधीच उमगलं नाही. म्हणून आल्यागेल्याला चहाच्या आधी विचारायचे, “नेट घेणार का थोडं? भरलंय, फुकट जातं.” सिलिंडरवाला नको म्हणाला तरी त्याला पासवर्ड वाचून दाखवत आणि थोडा वेळ बसवूनच सोडत.

बंद का करत नाही, असं विचारलं की ते फोनकडे बोट दाखवायचे. तलासरीच्या पुढे एका पाड्यावर त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. आम्ही सगळे तिला बाय म्हणायचो. तिला अक्षरओळख नव्हती. काकांनी फार पूर्वी आपला नंबर तिला भातलावणीच्या गाण्याच्या चालीवर शिकवला होता. तलासरीच्या बाजाराच्या दिवशी बाय एका ओळखीच्या दुकानदारापुढे उभी राहून नंबर गायची आणि तो बटणं दाबायचा. बोलणं म्हणजे निव्वळ भांडण. “जिती हाय का मेली, बघाया तरी ये!” ती ओरडायची. “तूच ये की, माझे गुडघे गेलेत,” हे ओरडायचे. फोन ठेवला की दिवसभर खुशीत असायचे.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्याआधी बिलाने पुन्हा उडी घेतली. काकांनी टीव्हीचा खोका आणि नेटचा डबा धुतलेल्या चादरीत बांधला आणि आम्ही दोघं डहाणू रोडच्या कचेरीत गेलो.

“फोन तेवढा ठेवा, बाकी काढा.”

“तसं नाही होत काका, पॅकेज आहे ना,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “बंद केलं तर सगळंच बंद होणार.”

“पायाला जखम झाली म्हणून अख्खा माणूस कापतात का?”

मुलगी कसनुसं हसली. तिच्या हातात काहीच नव्हतं. काकांनी सही केली.

दुसऱ्याच दिवशी स्वतःसाठी साधा मोबाइल घेऊन ते बायकडे गेले. दहा आकडी नंबर जुन्या चालीवर बसवण्यात त्यांचा सगळा दिवस गेला. “बसला एकदाचा,” परत येऊन म्हणाले, “शेवटचे आकडे जरा ओढून म्हणावे लागतात.” शिवाय तो बायच्या कुडाच्या भिंतीवर खडूने लिहिला आणि दुकानदाराच्या मोबाइलमध्ये घालून ठेवला. बाजाराच्या दिवशीची भांडणं चालू राहिली, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

श्रावणात बायने सणासाठी भिंती लिंपल्या, त्यात खडूचा नंबर गेला. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. पुढचं आम्हाला तिच्या शेजारणीने सांगितलं. रात्री तापाच्या ग्लानीत बाय म्हणाली, भावाला फोन लाव, आणि नंबर गायली. जुना. शेजारणीने लावला, पुन्हा लावला, तो नंबर बंद होता. नवा सांग म्हटलं तर बाय चिडून परत तोच गायली. मसोलीतलं घर पाड्यावर कुणालाच माहीत नव्हतं, आणि तलासरीच्या दुकानदाराकडे नवा नंबर आहे हेही. सकाळी बाय गेली.

आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, भावाने ते आणायचं असतं. लोक तोच बंद नंबर लावत भरपावसात दुपार उलटेपर्यंत थांबले. शेवटी शेजारणीने आपल्या पेटीतलं लुगडं काढून दिलं. बाजाराच्या दिवशी फोन आला नाही म्हणून काका मला घेऊन तलासरीला गेले, तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं.

नंतर काका पुन्हा त्या कचेरीत गेले. जुना नंबर अजून कुणाला दिलेला नव्हता, पण तो हवा तर पूर्ण पॅकेज घ्या, असं सांगण्यात आलं. काकांनी एका शब्दाने घासाघीस न करता पैसे भरले. फोन पुन्हा सुरू झाला. कचेरीतून पुन्हा चादरीत बांधून आणलेला टीव्हीचा खोका मात्र सुटलाच नाही, आणि ते कुणाला नेट घेणार का म्हणून विचारतही नाहीत. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, “काका, आता कुणाचा फोन येणार आहे? गोळ्या घ्या त्या पैशांच्या.”

“बंद केला की ते नंबर दुसऱ्याला देतात,” काका म्हणाले. “तिचा नंबर आहे तो. तिने लावला आणि कुणी राँग नंबर म्हणून ठेवून दिला तर?”

त्यानंतर मी बिलाचा विषय काढला नाही. काकांना आता कचेरीचा जिना चढवत नाही, म्हणून दर महिन्याला ते भरायला मीच जातो. पावती घेताना पूर्वीसारखा संताप येत नाही, नुसतं वाईट वाटतं.