मिठाईचं तिकीट

धम्मपालचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, तोही उशीखाली. त्याचा मोबाइल वाजायचा नाही, नुसता थरथरायचा. "तुझी झोप मोडायला नको," असं त्याने बायकोला, साधनाला, सांगून ठेवलं होतं. साधना "बरं" म्हणाली होती. खरं कारण आपल्या एकट्याला ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती. वाजणारा गजर त्याला ऐकूच यायचा नाही.

मानेसरच्या एका कारखान्यात तो प्रेसवर होता. गाडीच्या दरवाजांचे पत्रे एका दणक्यात वाकवणारा तो प्रेस. पडला की पायाखालची फरशी हलते. अकोल्याहून थोरल्या भावामागे दिल्लीला आला तेव्हा कानात कापूस घालायचीही रीत नव्हती. पुढे कंपनीने रबरी बुचं दिली, तोवर जायचं ते गेलं होतं. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग शब्दांच्या कडा. उरली धडधड.

वर्षातून एकदा कान तपासायचे. काचेच्या खोक्यात बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. धम्मपाल काचेत पडलेलं तपासणाऱ्याचं प्रतिबिंब बघायचा. त्याचं बोट खाली गेलं की हा बटण दाबायचा. दरवर्षी पास. बाहेर यायचा तेव्हा बनियन पिळून काढावं इतका घाम. ठेक्यावरचा माणूस. नापास झाला की गेटपास जमा.

ही भीती जुनी होती, अंगवळणी पडलेली. दुसरी नवी होती. तिचं नाव हितेश.

हितेश रेवाडीचा, दोन मुलींचा बाप. प्रेसचा साचा बदलायचं काम त्याचं. तो आत हात घालून साचा बसवायचा, आणि प्रेसची दोन बटणं धम्मपालच्या दोन तळव्यांखाली. हितेशने 'चलाओ' म्हटलं की दाबायचं. आत लोखंडी अडसर लावायचा नियम आहे, पण घाईत कोणी लावत नाही. धम्मपाल त्याच्या ओठांवरून समजून घ्यायचा. उन्हाळ्यात एकदा धूळ फार होती म्हणून हितेशने तोंडाला गमछा बांधला. तो "रुको" म्हणाला. धम्मपालला गमछा हललेला दिसला, आणि त्याने बटणं दाबली.

हितेशचा हात बाहेर निघाला तो केसभराच्या अंतराने.

"गलती मेरी है, भाई," हितेश म्हणाला. "मुँह पर कपड़ा था।" आणि वर त्यानेच चहा पाजला. त्या दिवसापासून भाकरी मोडतानाही त्याला ती बोटं दिसायची.

अशा माणसाला एकच जागा निर्धास्त होती, एक जुना हिंदी सिनेमा. लग्नानंतर भावाकडे पहाडगंजला राहत असताना दोघांनी तो पाहिला होता. दिल्लीच्या बसमधली एक तरुण कंडक्टर आणि तिच्यासाठी रोज शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढणारा एक कारकून. तो रोज विचारतो, "ये बस कहाँ जाती है?" ती म्हणते, "जहाँ कल गई थी।" सरळ गोष्ट. मारामारी नाही, कोणी मरत नाही. टीव्हीवर लागला की घर जेवणाची ताटं घेऊन समोर बसायचं. नवे विनोद धम्मपालच्या डोक्यावरून जायचे, सगळे हसले की तोही हसायचा. इथे मात्र शब्द न् शब्द त्याच्या कानात आधीच भरलेला होता, ऐकू येत होतं त्या काळातला. हसायला त्याला कुणाकडे बघावं लागत नसे. उलट तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

तोच सिनेमा पुन्हा थिएटरला लागला. गुरुग्रामच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, मैत्रीने, आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिकिटं काढली.

हॉल तरुण पोरापोरींनी भरलेला. त्यांच्या जन्माआधीचा सिनेमा, तरी पडद्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. धम्मपालला बरं वाटलं. खुर्चीत तो पाठ टेकून बसला, हे साधनाच्या ध्यानात आलं. एरवी बाहेर तो खुर्चीच्या कडेला बसायचा, कोण काय विचारील म्हणून.

मिठाईचा प्रसंग आला. कारकुनाचा कडक बाप मुलासाठी मुलगी बघायला निघालेला, मांडीवर मिठाईचा भला मोठा खोका. बसची कंडक्टर हीच ती मुलगी, हे त्याला ठाऊक नाही. कंडक्टर खोक्याकडे बोट दाखवते. "मिठाई का टिकट लगेगा।" म्हातारा भडकतो. धम्मपाल पोट धरून मोठ्याने हसला.

साधनाने त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. त्याने वळून पाहिलं. पोरं मागे बघून ओरडत होती, कोणी मोबाइलचा टॉर्च हलवत होतं. पुढचा एक पोरगा याच्याकडे बघत शेजारच्याला म्हणत होता, ओठ स्पष्ट दिसले, "अंकल किस बात पे हँस रहे हैं?"

सिनेमाचा आवाज केव्हाच गेला होता. पडदा मुका होता.

मैत्री त्याच्याकडे बघतच राहिली.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने पॉपकॉर्नचा डबा तोंडासमोर धरला आणि काहीतरी बोलली.

"हो, मजा आली," धम्मपाल म्हणाला.

मैत्रीने डबा खाली घेतला. "बाबा, मी म्हटलं, तुमच्या बुटाची लेस सुटलीय."

त्याने खाली पाहिलं. सुटली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"त्यांना काय विचारतेस, मला विचार," साधना त्याच्या समोर येऊन म्हणाली. "कित्येक वर्षांत मी ह्यांच्या पाठीमागून बोललेली नाही. फोन उशीखाली कशाला असतो, ते काय मला कळत नाही? म्हटलं, आपणहून सांगतील."

"कंपनीत कळलं तर काढतील," तो म्हणाला.

"आणि नाही कळलं तर?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं: गमछा बांधलेला हितेश आणि त्याची बोटं.

सोमवारी शिफ्टआधी त्याने पहिल्यांदा हितेशला गाठलं. सगळं सांगितलं. हितेशने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"उस दिन भी?"

धम्मपालने मान हलवली. हितेशने हातमोजे चढवले आणि तो आत गेला. त्यानंतर त्याने याच्याबरोबर चहा घेतला नाही, आणि धम्मपालने त्याला दोष दिला नाही.

मग तो ठेकेदाराकडे गेला. त्याने ऐकून घेतलं आणि महिनाभर घरी बसवलं. त्या महिन्यात धम्मपाल पहाटे साडेचारलाच उठून बसायचा, पुढे काय म्हणून. मग कमी पगारावर पॅकिंगला घेतलं.

अकोल्याच्या घरावर स्लॅब टाकायला ओव्हरटाइमचा पैसा साठवलेला होता. तो मोडला. स्लॅबऐवजी कानांची दोन मशिनं आली, शेंगदाण्याएवढी.

रविवारी दुपारी साधनाने तोच सिनेमा लावला. धम्मपालने दोन्ही मशिनं कानांत घातली. इतकी वर्षं जपलेला आवाज दुसऱ्याच कुणाचा निघाला तर? तो बाप बसमध्ये चढला, खोका मांडीवर आला. कंडक्टर बोलली. आवाज त्याच्या आठवणीपेक्षा बारीक होता, थोडा फाटका. तिचं वाक्य संपलं, साधना हसली. तिचं हसणं संपत आलं तेव्हा धम्मपाल हसला, आठवणीतल्या नाही, आत्ता ऐकलेल्या वाक्याला.